पांढऱ्याखालचा पिवळा

मी रंगाच्या धंद्यातला माणूस आहे असं कळलं की लोक मला एकच प्रश्न विचारतात : "हॉलला कुठला शेड लावू हो?" लग्नात विचारतात, एमआरटीच्या गाडीत विचारतात. एकदा तर पोटावर थंडगार जेली लावून सोनोग्राफी करता करता डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी सगळ्यांना 'ऑफ व्हाइट' सांगतो आणि ते खूश होतात. तीस वर्षं मी इथल्या तुआसच्या औद्योगिक भागातल्या कारखान्यात जहाजांचे, क्रेनचे आणि तेलाच्या टाक्यांचे रंग बनवले. हॉलच्या भिंतीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण ते सांगून कोणाचा विरस का करा?

इथल्या मराठी मंडळाच्या संपादकबाईंचा फोन आला. "काका, दिवाळी अंकासाठी तुमचे कामातले किस्से लिहा. हलकंफुलकं काहीतरी." किस्से आहेत, नाही असं नाही. पण हलकंफुलकं माझ्याच्यानं सध्या होणार नाही. जे आहे ते लिहून देतो, छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि घरात बसून सुधाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, फोडणीत खोड्या काढायला लागलो. महिन्याभरातच ती म्हणाली, "अहो, बाहेर काहीतरी बघा, नाहीतर मी बघते." तेव्हा जुन्या ओळखीचे मिस्टर लिम कामाला आले. त्यांची दोन खोल्यांची तपासणी कंपनी आहे. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात ओल, बुरशी, गळती, रंग यांवरून वाजलं की ते माणूस पाठवतात. रंगासाठी मी जातो. माझ्या हातात पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र असतं. ते भिंतीला टेकवायचं, घोडा दाबायचा आणि काही सेकंद थांबायचं. वरचे थर न खरवडता ते आत शिसं आहे की नाही हे सांगतं.

रंगात शिसं कशाला, असं सगळे विचारतात. अहो, रंगवाल्याच्या दृष्टीनं ती सोन्यासारखी वस्तू होती! रंग लवकर वाळतो, लोखंडाला घट्ट धरतो, गंज येऊ देत नाही. आणि पिवळा-नारिंगी असा उजळ देतो की समुद्रावरच्या उन्हात वर्षानुवर्षं फिका पडत नाही. फक्त तो पोटात जाता कामा नये. मोठ्यांच्या पोटात गेला तरी वाईटच, पण दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात गेला तर शिसं रक्तात उतरतं, हाडांत बसतं, मेंदूच्या वाढीत खोडा घालतं. रंग जागेवर धड आहे तोवर काही होत नाही. त्याचे पोपडे सुटले, कोणी तो कोरडा घासला किंवा मुलानं चावला, की संपलं. घरगुती रंगात शिसं घालायला बंदी होती तेव्हाही आमच्या जहाजाच्या रंगात ते चालत असे. आता तिथेही चालत नाही.

या कामात माणसं मात्र एकेक भेटली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या आपल्याच एका मुंबईकरानं 'कॅरेक्टर आहे' म्हणून जुन्या वस्तीतलं घर भाड्यानं घेतलं होतं. त्याच्या हिरव्या लाकडी खिडक्यांना यंत्र लावलं तर आकडा थांबेचना. घरमालक ऐंशीच्या पुढचे चिनी अंकल. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि म्हणाले, "आय बॉर्न हिअर, आय ग्रो अप हिअर. यू सी मी. ओके, व्हॉट!" आता समोर धडधाकट उभ्या असलेल्या माणसाला काय उत्तर देणार? दुसरी एक मालकीण हातात फडकं घेऊन माझ्या मागे मागे फिरत होती. मी यंत्र टेकवायच्या आधी ती जागा घसाघसा पुसायची. शिसं म्हणजे धूळ, पुसली की गेली, अशी तिची समजूत. मी तिला पुसू दिलं.

जबाबदारी कोणाची हा पुढचा प्रश्न, आणि तिथे माझं यंत्र गप्प असतं. इथले भाडेकरार मी ढिगानं वाचले आहेत. एअरकॉनचं सर्व्हिसिंग दर तीन महिन्यांनी करायचं, भिंतीला खिळा मारायचा नाही, बदली झाली तर किती आधी सांगायचं, हे सगळं त्यात असतं. रंगात काय आहे याबद्दल अवाक्षर नसतं. काही देशांत म्हणे जुनं घर देताना मालकाला तसं लेखी सांगावं लागतं. इथे मी पाहिलेल्या करारांत असा कागद मला कधी दिसला नाही. त्यामुळे वाद पेटला की दोन्हीकडचे वकील फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात : मालकाला माहीत होतं का? माहीत असून गप्प बसला असेल तर तो अडकतो. माहीत नसेल तर त्याला सुटायला वाट असते. मी वकील नाही, मला कायद्याचं विचारू नका. पण माझ्या बहुतेक फायली या एका प्रश्नापाशी येऊन थांबल्या आहेत.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मिस्टर लिमनी एक पत्ता हातात ठेवला. बुकित पंजांग, सहावा मजला. मी तो वाचला आणि हसलो, कारण ते घर दिलीपचं होतं. दिलीप माझा मित्र. आम्ही एकाच वर्षी इथे आलो. तो तुआसलाच जहाजदुरुस्तीत इंजिनिअर. सहा वर्षांपूर्वी तो हृदयविकारानं गेला. माधवी वहिनी मुलाकडे, निनादकडे राहायला गेल्या आणि फ्लॅट भाड्यानं दिला. हे ओळखीचं घर आहे, दुसऱ्या कोणाला पाठवा, असं मी मिस्टर लिमना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट वाटलं, बरं झालं, मराठी भाडेकरू आहेत, चहा तरी नीट मिळेल.

दार ऋजुतानं उघडलं. पुण्याच्या आयटी कंपनीतून इथे आलेली, तिशीतली मुलगी. नवरा अमेय, तोही आयटीतला. आणि रेवा, एक वर्ष दहा महिन्यांची. रेवा जेवेनाशी झाली, पोट धरून रडायला लागली. 'आई', 'पाणी', 'बस' असे दोन-चार शब्द बोलत होती तेही बंद झाले. म्हणून तिला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात डॉक्टरांकडे नेलं. तिच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, घरात काय काय आहे? काजळ, कुंकू, मसाले, जुनी भांडी, गावाकडची औषधं? ऋजुतानं खरं ते सांगितलं : बाळगुटी.

तिची आई सांगलीहून बाळंतपणाला आली होती ती सहाण आणि गुटीचा डबा घेऊनच. वेखंड, हिरडा, मुरडशेंग, जायफळ, सगळं मोजून उगाळायचं, न्हाऊ घातलं की चाटवायचं. आई परत गेली तरी ऋजुतानं ते वर्षभर चालू ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं त्याच संध्याकाळी तिनं घाबरून तो डबा सहाणेसकट कचरा तळमजल्यावर टाकायच्या चूटमध्ये टाकून दिला. म्हणजे तपासायला आता काही उरलंच नव्हतं.

"मी तेव्हाच सांगत होतो, हे गावठी प्रकार नकोत म्हणून," अमेय म्हणाला. माझ्यासारख्या परक्या माणसासमोर म्हणाला. ऋजुतानं मान खाली घातली आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. तो चहा मला गोड लागला नाही.

मी कामाला लागलो. दारं, कपाटं, खेळणी, देव्हाऱ्यातलं कुंकू, पितळी समई, कशातच काही नाही. मग हॉलची खिडकी. तिच्याखाली वहिनींचाच जुना सोफा होता आणि त्यावर रेवा उभी होती, दोन्ही हातांनी ग्रिल धरून. बुकित पंजांगची एलआरटी, म्हणजे पुलावरून धावणारी छोटी गाडी, इमारतींच्या इतकी जवळून जाते की घरांजवळ, आत डोकावता येऊ नये म्हणून, तिच्या काचा आपोआप धुरकट होतात. ती गाडी बघायचा या मुलीला नाद. गाडी आली तशी तिनं आनंदानं आडव्या गजाला तोंड लावलं आणि कुरतडला.

"अगं रेवा, छी!" ऋजुता धावली. "हे सारखं करते हो काका. दात येतायत ना."

मी यंत्र टेकवलं आणि आकडा उडाला. पण खरं सांगतो, मला यंत्राची गरज नव्हती. गज वरून पांढरा होता, घर भाड्यानं द्यायच्या आधी एजंटनं मारून घेतलेला. जिथे दातांनी टवके उडाले होते तिथे खालचा रंग दिसत होता. पिवळा. तो पिवळा मी हजार पिवळ्यांतून ओळखीन, कारण तो मीच जमवलेला आहे. बंदरातल्या क्रेनचा पिवळा.

आता हे घरात कसं आलं ते सांगायला हवं. कारखान्यात प्रत्येक बॅचचा एक नमुना-डबा ठरावीक मुदत जपून ठेवावा लागतो. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर तपासायला. मुदत संपली की तो विषारी कचरा म्हणून द्यायचा. एवढा उत्तम रंग कचऱ्यात! माझ्या मध्यमवर्गीय जिवाला ते बघवेना. आणि गणपती जवळ आले की आपल्या मंडळींना रंग हवाच असायचा. कोणाला मखराच्या चौकटीला, कोणाला गेटला, कोणाला ग्रिलला. मी तो मिलो पावडरच्या रिकाम्या डब्यांत ओतून आणायचो आणि वाटायचो. कारखान्याचा डबा तसाच बाहेर काढला असता तर गेटवर पकडला गेलो असतो. त्या डब्यावर लाल अक्षरांत छापलेलं असायचं की हा रंग घरात वापरू नये. तो डबा तिथेच राहायचा, रंग तेवढा बाहेर यायचा.

काय मान होता माझा तेव्हा! "गंजाचं नाव नको, भाऊंचा रंग आणा," असं लोक एकमेकांना सांगायचे. दिलीपला पिवळा मी स्वतः नेऊन दिला होता. शनिवारी दुपारी त्यानं ग्रिल रंगवलं आणि आम्ही दोघं लांब उभं राहून बघत बसलो. पंचवीसेक वर्षं झाली त्याला.

त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं. ऋजुता समोर उभी होती, अमेय समोर उभा होता. मी म्हणालो, "ग्रिलमध्ये शिसं आहे. हिला या खिडकीजवळ येऊ देऊ नका. जमलं तर आजच दुसरीकडे राहायला जा." गजांना प्लास्टिक गुंडाळून पट्ट्या लावल्या. रिपोर्टात लिहिलं : खालच्या थरात शिसं व क्रोमियम, वरच्या थराचे दातांनी टवके उडालेले, रंगाचं मूळ अज्ञात. बाकी सगळा रिपोर्ट खरा होता. शेवटचे दोन शब्द खोटे होते.

ती दोघं मित्राच्या घरी हलली. त्यांनी वहिनींना नोटीस दिली. वहिनींच्या वकिलाचं उत्तर आलं ते मिस्टर लिमनी मला वाचायला दिलं, तांत्रिक मत द्या म्हणून. त्यात लिहिलं होतं की मालकिणीच्या दिवंगत पतीनं साधा घरगुती रंग लावला होता. घर ताब्यात देताना ग्रिलचा रंग धड होता. आणि मुलीला दीर्घकाळ देशी औषध दिलं जात होतं हे आईनं स्वतः कबूल केलेलं आहे. कबूल केलेलं! त्या पोरीनं डॉक्टरांना खरं सांगितलं त्याची ही कबुली झाली. वहिनी खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तो रंग साधाच वाटत होता, कारण मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी ऋजुताचा फोन आला. "काका, तुम्ही रंगातले ना, म्हणून विचारते. ग्रिलमधलं शिसं आणि गुटीतलं शिसं, रक्तात वेगळं ओळखता येतं का हो?"

"अवघड असतं," मी म्हणालो. "आणि तुमच्याकडे गुटी उरलेली नाही."

ती म्हणाली, "आई तिकडे जेवत नाहीये. म्हणते, माझ्या हातानं नातीला विष चाटवलं. सासूबाई रोज फोन करतात. अमेय काही बोलत नाही, पण रेवाला भरवायला घेतलं की माझ्या हातातली वाटी काढून घेतो."

फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत जाऊन बसलो. माझं नाव, माझा तीस वर्षांचा कारखाना, पोरांना कळलं तर काय वाटेल, मंडळात लोक काय म्हणतील, सगळं डोक्यात येऊन गेलं. लाज वाटते सांगायला, पण या सगळ्याचा विचार मी आधी केला आणि त्या वाटीचा नंतर. रिपोर्ट दिल्यापासून एकोणीस दिवस मी गप्प होतो. विसाव्या दिवशी वहिनींकडे गेलो.

निनादच्या घरी त्या मटार सोलत बसल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. डबे, कारखाना, लाल अक्षरं, सगळं. त्यांचे हात थांबले.

"यांना माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. दिलीपला मी फक्त 'चांगला रंग आहे' एवढंच म्हणालो होतो."

"निनाद लहानपणी त्याच ग्रिलला लटकायचा, भाऊजी."

मला ते आठवत होतं. निनादला आणि माझ्या धाकट्याला आम्ही बरोबरच बालवाडीत घातलं होतं. वहिनींनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी वकिलाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. वकील तरुण होता, हुशार होता. माझं ऐकून तो चक्क खूश झाला. "मॅडम, हे तुमच्या फायद्याचं आहे. तुम्हाला माहीत नव्हतं हे सांगणारा साक्षीदार मिळाला. तुमच्यावर फारसं काही येणार नाही."

"म्हणजे मी सुटले?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"आणि ती पोर?"

वकील अडखळला. ते लोक यांच्याविरुद्ध जाऊ शकतात, असं काहीतरी म्हणाला. यांच्याविरुद्ध म्हणजे माझ्याविरुद्ध.

"हे बघा," वहिनी म्हणाल्या. "घर माझं आहे. ग्रिल माझं आहे. ती मुलगी माझ्या घरात आजारी पडली. ते गुटीचं पत्र आज मागे घ्या. करार मोडायला मी तयार आहे, तिच्या औषधपाण्याचं मी बघते."

"मॅडम, तुम्हाला हे कबूल करायची गरज नाही."

"गरज आहे का ते मी विचारलंच नाही तुम्हाला."

मग वकिलानं फोनवरच मला विचारायला सुरुवात केली. माझा जबाब लिहून घ्यायचा होता. "सर, हा रंग घरात धोक्याचा आहे हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?" मी म्हणालो, त्या काळी एवढा विचार कोणी करत नव्हतं. त्यानं ते लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी वहिनी आणि मी ऋजुताकडे गेलो. मित्राच्या कॉन्डोमध्ये एका खोलीत त्यांचा संसार कोंबलेला. रेवा जमिनीवर बसून झाकणं जुळवत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर धीर झाला नसता. अमेयचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्ही त्या दिवशीच ओळखलं होतं? आणि आम्हाला सांगितलं नाहीत? हाऊ कुड यू, अंकल?" तो मराठी मुलगा मला अंकल म्हणाला. इथे अंकल कोणालाही म्हणतात, टॅक्सीवाल्यालाही. त्याच्या घरात चहा प्यायलेला काका मी आता उरलो नव्हतो.

ऋजुतानं त्याला हातानं थांबवलं. "एक मिनिट. म्हणजे गुटी नव्हती?"

"गुटीत काय होतं हे आता कोणीच सांगू शकणार नाही," मी म्हणालो. खोटा दिलासा द्यायची माझी लायकी नव्हती. "पण रंगात जितकं आहे तितकं एकटं पुरेसं आहे, पोरी. वेगळं काही शोधायची गरज नाही."

तिनं तिथेच सांगलीला फोन लावला. "आई, तुझी गुटी नव्हती गं. रंग होता. खिडकीचा रंग होता. नाही गं, रडू नकोस. काय जेवलीस? काहीच नाही? आधी जेव. मी फोन चालू ठेवते, तू ताट वाढून घे." ती खरंच फोन कानाला लावून उभी राहिली, पलीकडे ताट वाढलं जाईपर्यंत. अमेय आत गेला आणि रेवाची वाटी घेऊन आला. ती त्यानं ऋजुताच्या हातात दिली. वहिनी डोळे पुसत होत्या. मी कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

फोन ठेवल्यावर ऋजुता माझ्यासमोर आली. आवाज चढला नव्हता. "काका, आणखी कोणाकोणाला दिला होता हा रंग?"

मी नावं सांगत गेलो, ती फोनमध्ये लिहीत गेली. मला वाटलं होतं पाच-सहा असतील. तेवीस झाली. त्यातले काही परत गेले. काहींनी फ्लॅट विकले. काहींचे फ्लॅट आज भाड्यानं दिलेले आहेत, आणि त्यांत कोण राहतं हे मालकांनाही धड ठाऊक नाही. गेलं वर्षभर मी त्यांना शोधतो आहे. फोन केला की आधी प्रत्येक जण कौतुक करतो. "अहो, अजून जसाच्या तसा आहे तुमचा रंग! काय टिकाऊ वस्तू दिलीत!" मग मी सांगायला लागतो. चौदा घरी जाऊन यंत्र लावून आलो आहे. नऊ सापडलेली नाहीत. म्हणून हा लेख. माझ्याकडून कधीही डब्यातून पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग नेला असेल, किंवा तुम्ही भाड्यानं राहता त्या घराच्या मराठी मालकानं नेला असेल, तर तो खरवडू नका, घासू नका, वरून दुसरा मारून विसरू नका. संपादकबाईंकडे माझा नंबर आहे. मी येईन. दिलेल्या घराची जबाबदारी मालकाची, हे खरं. पण या घरांच्या मालकांना सांगायचं काम माझं होतं.

त्या संध्याकाळचं मात्र एक राहिलं. यादी संपल्यावर ऋजुतानं विचारलं, "आणि तुमच्या घरी? तुमच्याकडे कुठे कुठे लावलाय?"

"आमच्याकडे नाही."

"कुठेच नाही?"

मी मान हलवली. सुधानं मागितला होता. एकदा नाही, दर गणपतीला मागितला होता. सगळ्या गावाला वाटता आणि आपलं गेट गंजलंय, म्हणायची. मी तिला दर वेळी सांगायचो, नको, आपली पोरं लहान आहेत.

हे मी ऋजुताला मोठ्यानं सांगितलं नाही. पण तिला काय कळायचं ते कळलं असावं. तिनं फोन बंद केला, रेवाला उचललं आणि आत गेली. खाली आल्यावर वहिनींनी स्वतःपुरती टॅक्सी थांबवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकिलाच्या ऑफिसात गेलो आणि माझा जबाब परत मागितला. त्या काळी कोणी विचार करत नव्हतं, हे वाक्य खोडायला लावलं. त्या जागी घाला म्हटलं : मला माहीत होतं. तो मला बजावत राहिला की सर, यानं तुम्ही अडचणीत याल, घरी जाऊन विचार करा. माझा विचार करून झाला होता. मी सही केली.

रेवाच्या रक्तातलं शिसं उतरतं आहे. बोलणं कधी परत येईल, आणि गेलं त्यातलं किती माझ्या रंगामुळे गेलं, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. या दिवाळीत ती तीन वर्षांची होईल. अजून ती आईला आई म्हणत नाही.